जुनी अमेरिकन नाणी हातात आली तर चांदी कशी ओळखायची, अगदी पहिल्यापासून

बऱ्याच घरांत अशी एक डबी असते. कुणी काका, मामा, आजोबा अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले असतात आणि परत येताना खिशात उरलेली चिल्लर तशीच डबीत पडून राहते. किंवा उलटं, आपण तिकडे राहतो आणि कुठल्या तरी घराबाहेरच्या सेलमध्ये जुन्या नाण्यांची बरणी दिसते आणि कळत नाही की यात चांदी आहे की नुसतं तांबं-निकेल. मी हे सगळं एकदाच नीट लिहून काढतोय, कारण हे ओळखायला ना सराफ लागतो ना मशीन, नव्वद टक्के काम नाण्यावरचं साल वाचूनच होतं आणि तरीही लोक चांदीची नाणी चिल्लर म्हणून खर्च करतात किंवा चिल्लर चांदी समजून जपून ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर लक्षात ठेवायचं साल एकच, १९६४.

१९६४ किंवा त्याआधीचं साल असलेलं डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) म्हणजे ९०% चांदी आणि १०% तांबं. तांबं घालतात कारण शुद्ध चांदी मऊ असते, खिशात घासून लवकर झिजते. १९६५ पासूनच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये रोजच्या वापराच्या नाण्यात चांदी नाहीच, आत तांब्याचा गाभा आणि वरून तांबं-निकेलचा थर. पाच सेंटचं निकेल आणि एक सेंटची पेनी यात चांदी नसतेच, निकेलला एक अपवाद आहे तो पुढे येतो.

आता १९६४ च का, तर चांदीचा भाव. अमेरिकन चांदीच्या डॉलरमध्ये जेवढी चांदी असायची तिची किंमत बरोबर एक डॉलर व्हायला औंसाला १.२९ डॉलर भाव लागायचा आणि १९६३ मध्ये भाव तिथे पोचला. डाइम-क्वार्टरसाठी हा आकडा होता १.३८ डॉलर. त्याच्या वर भाव गेला असता तर लोकांनी नाणी सरळ वितळवलीच असती. त्यात देशात चिल्लरची टंचाई, त्यात नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या आणि मार्च १९६४ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचा हाफ डॉलर आला तो लोकांनी आठवण म्हणून घरातच ठेवला, बाजारात फिरलाच नाही. शेवटी २३ जुलै १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी नाण्यांच्या नव्या कायद्यावर सही केली आणि तेव्हा लोकांना सांगितलंही की जुनी चांदीची नाणी साठवून काही फायदा होणार नाही. लोकांनी ऐकलं नाही अर्थातच. दोन-चार वर्षांत चांदीची नाणी व्यवहारातून दिसेनाशी झाली, सरकारने मे १९६७ मध्ये वितळवण्यावर बंदी घातली, ती १९६९ मध्ये उठवली.

आणि त्याच १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांनीच तो इमिग्रेशनचा कायदा केला ज्यामुळे आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनीअर मोठ्या संख्येने तिकडे जायला लागले. म्हणजे आपली पहिली मोठी पिढी तिथे पोचत होती तेव्हाच नाण्यांमधली चांदी ओसरत होती, त्यामुळे साठच्या दशकाच्या शेवटी गेलेल्यांच्या डबीत मिश्र माल सापडतो, एक क्वार्टर १९६३ चा आणि शेजारी १९६७ चा, दिसायला जवळजवळ सारखेच. म्हणून प्रत्येक नाणं वेगळं बघायचं, मूठभर एकदम बाजूला काढायची नाहीत.

एक गंमतीची गोष्ट म्हणजे १९६४ चं साल टाकून नाणी १९६५-६६ मध्येही पाडली गेली, टंचाई होती म्हणून. त्यामुळे १९६४ ची नाणी भरपूर आहेत, ती दुर्मिळ नाहीत, पण चांदी मात्र पूर्ण आहे.

साल पुसट असेल तर कड बघा. नाणं उभं धरायचं आणि खिडकीच्या उजेडात त्याची जाडी बघायची. चांदीच्या नाण्याची कड सगळीकडे एकसारखी पांढरी-करडी दिसते. १९६५ नंतरच्या नाण्यात मध्ये तांब्याची लालसर-तपकिरी पट्टी स्पष्ट दिसते. पंधरा-वीस नाणी एकावर एक रचून ठेवली तर चांदीचं नाणं त्या लाल रेघांमध्ये लगेच वेगळं दिसतं, हा सगळ्यात जलद उपाय आहे.

मग वजन. इथे अमेरिकन पद्धत इतकी सुंदर आहे की एकदा समजली की विसरत नाही. एक डॉलर किमतीची ९०% चांदीची चिल्लर, मग ती दहा डाइम असो, चार क्वार्टर असो की दोन हाफ डॉलर, तिचं वजन २५ ग्रॅमच. म्हणजे डाइम २.५ ग्रॅम, क्वार्टर ६.२५, हाफ डॉलर १२.५. नव्या बिनचांदीच्या नाण्यांचं वजन कमी, डाइम २.२७, क्वार्टर ५.६७, हाफ ११.३४ ग्रॅम. झिजलेलं चांदीचं क्वार्टर ६.१ वर आलेलं असू शकतं पण ५.६७ पर्यंत सहसा जात नाही. त्यामुळे दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, जो ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्याच, पुढे फार उपयोगी पडतो.

आता यातली शुद्ध चांदी किती, तर वजनाच्या ९०%. डाइममध्ये २.२५ ग्रॅम, क्वार्टरमध्ये ५.६२, हाफमध्ये ११.२५ ग्रॅम. आपल्या लोकांसाठी सांगतो, ब्रिटिशांच्या काळातला जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी होती, म्हणजे अमेरिकन हाफ डॉलर हा आपल्या जुन्या रुपयाच्या अगदी जवळचा भाऊ. हिशोब करायचा तर समजा चांदीचा भाव किलोला १ लाख रुपये आहे (हा नुसता हिशोबाला सोपा आकडा, त्या दिवशीचा खरा भाव तुम्ही बघा), तर ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे एका क्वार्टरमधली चांदी ५६२ रुपयांची आणि हाफ डॉलरमधली ११२५ ची. डॉलरमध्ये हिशोब करणारे तिकडचे दुकानदार दर्शनी एक डॉलरला ०.७१५ औंस चांदी धरतात. नवीन नाण्यात खरं तर ०.७२३ औंस असते, झीज म्हणून थोडी कमी धरतात, हे बरोबरच आहे, कुणी ०.७१५ म्हणाला तर तो तुम्हाला फसवत नाहीये.

औंस म्हणजे इथे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जो औंस असतो तो २८.३५ ग्रॅमचा. या दोन औंसांच्या फरकात लोक दहा टक्क्यांनी गंडतात, विकताना समोरचा कुठला औंस मोजतोय हे विचारायलाच पाहिजे. मला विचाराल तर ग्रॅममध्येच मोजा, गोंधळच नको.

आता अपवाद, कारण खरी मजा इथेच आहे आणि खरं नुकसानही.

केनेडी हाफ डॉलर १९६५ ते १९७० या सालांचे पूर्ण बिनचांदीचे नाहीत, ते ४०% चांदीचे. वजन ११.५ ग्रॅम, त्यात ४.६ ग्रॅम चांदी. यांची कड फसवी असते कारण तांब्याची ठळक पट्टी दिसत नाही, करडी-मळकट दिसते, त्यामुळे यांना साल बघूनच ओळखायचं. १९७१ पासूनचे नेहमीचे केनेडी हाफ मात्र बिनचांदीचे.

दुसरा अपवाद म्हणजे युद्धातलं निकेल. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू युद्धसामग्रीला हवा होता म्हणून १९४२ ते १९४५ मध्ये पाच सेंटचं नाणं ५६% तांबं, ३५% चांदी आणि ९% मँगनीजचं केलं. ओळखायची खूण अगदी सोपी, मागच्या बाजूला जी घुमटाची इमारत आहे (माँटिसेलो, जेफरसन यांचं घर) त्या घुमटाच्या बरोबर वर मोठं अक्षर असतं, पी, डी किंवा एस (नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याची ही खूण). १९४२ मध्ये दोन्ही प्रकारची निकेल्स निघाली त्यामुळे त्या वर्षी साल बघून भागत नाही, ते अक्षर घुमटावर आहे का हेच बघायचं. हे नाणं बऱ्याचदा काळपट, घाणेरडं दिसतं आणि लोक सरळ टाकून देतात. १.७५ ग्रॅम चांदी असते त्यात.

मोठा आयझेनहॉवर डॉलर, १९७१ ते १९७८, बघून लोकांना वाटतं एवढं मोठं नाणं म्हणजे चांदीच असणार, पण बहुतेक सगळे तांबं-निकेलचे, २२.६८ ग्रॅमचे. संग्राहकांसाठी पाडलेले काही एस अक्षराचे डॉलर ४०% चांदीचे, ते २४.५९ ग्रॅम भरतात. इथे काट्याशिवाय इलाज नाही. १७७६-१९७६ अशी दोन सालं असलेल्या नाण्यांचंही तेच, फिरलेली नाणी बिनचांदीची, फक्त एस अक्षराच्या खास संचातली काही ४०% ची. आणि १९९२ पासून टांकसाळ संग्राहकांसाठी आरशासारखे चकचकीत चांदीचे संचही काढते, त्यामुळे एखादं अलीकडच्या सालाचं एस अक्षराचं क्वार्टर कडेने पूर्ण पांढरं दिसलं आणि ६.२५ च्या आसपास भरलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

चित्रांवरून ओळखायचं झालं तर थोडक्यात सांगतो. डाइमवर पंखांची टोपी घातलेली बाई असेल तर ते मर्क्युरी डाइम, १९१६ ते १९४५, त्यानंतर १९४६ पासून रूझवेल्ट. क्वार्टरवर वॉशिंग्टन १९३२ पासून, त्याआधी १९१६ ते १९३० उभी असलेली स्वातंत्र्यदेवता. हाफ डॉलरवर सूर्याकडे चालत जाणारी स्वातंत्र्यदेवता १९१६ ते १९४७, मग १९४८ ते १९६३ बेंजामिन फ्रँकलिन, मग केनेडी. १८९२ पासून १९१६ पर्यंतच्या डाइम-क्वार्टर-हाफवर जो जाडसर चेहरा आहे तो स्वातंत्र्यदेवतेचाच, चित्रकार बार्बर म्हणून ती बार्बर नाणी, आणि त्याही आधी ढालीला टेकून बसलेली बाई. रूझवेल्ट, वॉशिंग्टन आणि केनेडी यांना वर सांगितलेला सालाचा नियम लावायचा, बाकी यातलं कुठलंही, खरं असेल तर, चांदीचंच.

आता चांदीचा मोठा डॉलर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण यात आपला थेट संबंध आहे.

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि परत १९२१ मध्ये निघाला, पीस डॉलर १९२१ ते १९२८ आणि १९३४-३५. दोन्हींचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, शुद्ध चांदी २४ ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. मध्ये १९०४ ते १९२१ हा खड्डा, आणि मग १९२१ ला एकदम आठ कोटींहून जास्त मॉर्गन डॉलर का पाडले? त्याचं उत्तर मुंबई-कलकत्त्याकडे जातं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानातून प्रचंड माल आणि माणसं युद्धाला गेली, त्याचे पैसे चांदीच्या रुपयांत द्यायचे होते आणि लोकांचा कागदी नोटेवर विश्वास नव्हता, नोट द्यायची आणि रोख रुपये मागायचे. चांदीची इतकी ओढाताण झाली की १९१७ च्या अखेरीला सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९१८ च्या वसंतात तर रुपये संपत आले. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला, तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला चांदी विकायची, हिंदुस्थानसाठी, औंसाला एक डॉलर भावाने. एकूण २७ कोटींहून जास्त डॉलर वितळले आणि त्यातले जवळजवळ २६ कोटी आपल्याकडे पाठवायच्या चांदीसाठी. ती चांदी टांकसाळीत जाऊन पंचम जॉर्जच्या रुपयात उतरली. म्हणजे तुमच्या आजीच्या पेटीतल्या १९१८-१९ च्या रुपयात एखाद्या मॉर्गन डॉलरची चांदी असणं अगदी शक्य आहे! कायद्यात अट होती की वितळवलेल्या डॉलरांच्या बदल्यात अमेरिकेतल्या खाणींची चांदी घेऊन परत नाणी पाडायची, म्हणून १९२१ चा तो पूर. त्यामुळेच १९२१ चा मॉर्गन सगळ्यात सहज मिळणारा, आणि आधीच्या कुठल्या सालाचे किती उरले हे नक्की सांगणं अवघड झालं कारण वितळवताना सालांची नोंद कुणी ठेवली नाही.

याच मापाचा पण जरा जड, २७.२२ ग्रॅमचा, एक ट्रेड डॉलर पण होता, १८७३ पासूनचा, चीनच्या व्यापारासाठी काढलेला, त्यावर वजन आणि टंच दोन्ही लिहिलेलं असतं, ४२० ग्रेन आणि ९०० टंच (म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी). चिनी व्यापारी तपासून त्यावर छोटे शिक्के मारायचे, तसे शिक्के असलेली खरी नाणीही मिळतात. पण ऐका, ट्रेड डॉलर आणि मॉर्गन यांच्या नकला आशियाभर ढिगाने विकल्या जातात. चोर बाजारात किंवा कुठल्या फिरस्त्या विक्रेत्याकडे ट्रेड डॉलर दिसला तर तो नकली आहे असं धरूनच सुरुवात करायची, आणि खरं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी नाण्यावर टाकायची.

सिद्ध कसं करायचं? पहिलं लोहचुंबक. चांदीला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर विषय संपला, आत लोखंड आहे. पण न चिकटणं म्हणजे चांदी असं नाही, तांबं आणि शिसंही चिकटत नाही. दुसरं वजन, व्यास आणि जाडी तिन्ही, एकटं वजन नाही, कारण नक्कल करणारा जाडी वाढवून वजन जुळवू शकतो. तिसरं आणि माझ्या मते घरच्या घरी सगळ्यात भरवशाचं म्हणजे पाण्यातली घनता. काट्यावर पाण्याचं छोटं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असं अधांतरी धरायचं, काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने हटवलेलं पाणी. कोरड्या नाण्याचं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. ९०% चांदीची घनता साधारण १०.३, शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४. मॉर्गन डॉलर २६.७ ग्रॅमचा असेल तर काट्यावर २.५९ च्या आसपास यायला पाहिजे, तांबं-निकेलची नक्कल असेल तर ३ च्या जवळ जातं. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका नाहीतर आकडा चुकतो. डाइमसारख्या छोट्या नाण्याला हा प्रयोग तितका नेमका येत नाही कारण आकडाच इतका लहान की काट्याची चूक मोठी ठरते.

टिचकी मारून आवाज ऐकणं, बर्फ ठेवून किती लवकर वितळतो बघणं, हे पण लोक करतात. चांदीचा आवाज लांबतो, बर्फ झपाट्याने वितळतो कारण चांदी उष्णता फार छान वाहून नेते, पण तांबंही त्यात फार मागे नाही, त्यामुळे यावर एकट्यावर विसंबू नका. सराफाकडची ॲसिडची कसोटी नाण्यावर कायमचा डाग पाडते, जुन्या नाण्याला ती अजिबात करू देऊ नका, त्यापेक्षा एक्स-रे वाल्या मशीनवर टंच काढून घ्या, त्यात नाण्याला काही होत नाही. फक्त ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा असेल तर फसू शकतं, म्हणून घनता आधी.

नाण्यांचं झालं, आता बुलियन, म्हणजे जी चांदी व्यवहारासाठी नाही, गुंतवणुकीसाठीच पाडलेली आहे. यातलं सरकारी नाणं म्हणजे अमेरिकन सिल्व्हर ईगल, १९८६ पासून, एक ट्रॉय औंस, ९९९ टंच, व्यास ४०.६ मिलिमीटर. त्यावर एक डॉलर लिहिलेलं असतं ते नावापुरतं, खर्च करू नका. पुढचं चित्र तेच जे १९१६ च्या हाफ डॉलरवर होतं, चालत जाणारी स्वातंत्र्यदेवता, त्यामुळे फोटोत दोन्हींचा गोंधळ होतो, साल आणि आकार बघा. २०२१ मध्ये मागचं गरुडाचं चित्र बदललं आणि कडेच्या दात्यांत एक दाता मुद्दाम गाळला, नकलांवर उपाय म्हणून.

बाकी खासगी कंपन्यांनी पाडलेल्या गोल चकत्यांना राउंड म्हणतात आणि आयताकृतींना बार. राउंडवर म्हैस, रेड इंडियन, ख्रिसमस, काहीही चित्र असतं आणि ते नाण्यासारखं दिसतं पण त्यावर सेंट-डॉलर अशी किंमत नसते आणि ते चलन नाही. चांगल्या मालावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात, वजन, टंच आणि बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह. एंगलहार्ड आणि जॉन्सन मॅथी या कंपन्यांच्या जुन्या विटांना (बारना) तर चांदीच्या भावावर वरचे पैसे मिळतात, म्हणून त्यांच्याही नकला आहेत. आणि '१०० मिल्स' किंवा 'सिल्व्हर क्लॅड', 'लेयर्ड' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं हा नुसता मुलामा आहे, ९९९ हा आकडा त्या पातळ थराचा आहे, आतल्या धातूचा नाही. अशा वस्तू बनवणं बेकायदा नाही पण त्या अर्धवट वाचणाऱ्याला गाठूनच विकल्या जातात आणि मला त्याचा राग येतो. 'जर्मन सिल्व्हर' किंवा 'निकेल सिल्व्हर' यात तर चांदीचा कणही नसतो.

चमचे-भांडी सापडली तर 'स्टर्लिंग' किंवा ९२५ म्हणजे ९२.५% चांदी, ईपीएनएस म्हणजे मुलामा. स्टर्लिंगच्या मेणबत्तीदाणीवर 'वेटेड' लिहिलं असेल तर आत सिमेंट किंवा राळ भरलेली असते, काट्यावर दिसणाऱ्या वजनावर हिशोब करू नका.

एवढं सगळं वेगळं करून झालं की लगेच मोडीत द्यायची घाई नको. १९६४ ची झिजलेली क्वार्टर्स वजनाच्या भावात दिली तरी चालतं, पण काही साल आणि अक्षरांच्या जोड्या अशा आहेत की त्यांच्यापुढे चांदीची किंमत क्षुल्लक. डेन्व्हरचं डी अक्षर असलेलं १९१६ चं मर्क्युरी डाइम फक्त २,६४,००० पाडलं, १९३२ चं डी आणि एस क्वार्टर चार-साडेचार लाखांच्या घरात, सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा एस मॉर्गन बरोबर एक लाख. मॉर्गनच्या मागे गरुडाखालच्या पुष्पचक्राच्या गाठीजवळ सीसी अक्षरं असतील तर तो नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीचा, तो वजनावर देऊच नका. अर्थात अशाच सालांवर कुणीतरी मागाहून अक्षर चिकटवलेलं असतं, त्यामुळे असं नाणं मिळालं तर जाणकाराला भिंगाखाली दाखवा आणि मगच किंमत ठरवा.

आणि कृपा करून नाणी घासू नका. आपल्याकडे चांदी म्हटली की चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीतरी लावून लखलखीत करायची सवय आहे, देवाच्या भांड्यांना ते ठीक, पण जुन्या नाण्यावरचा काळपट-निळसर थर गेला की संग्राहक भिंगातून बारीक ओरखडे बघतो आणि किंमत अर्ध्यावर किंवा त्याहून खाली आणतो, मग ते परत भरून येत नाही. फार माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मऊ कापडावर ठेवून टिपायचं, पुसायचं नाही. हातात कडेने धरायचं. ठेवायला पीव्हीसीच्या मऊ पाकिटांपेक्षा कडक प्लास्टिकच्या डब्या किंवा कागदी चौकटी घ्या, कारण पीव्हीसीमधून जे बाहेर येतं त्याने वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, आणि रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.